मेणबत्तीत सेंट किती थेंब घालायचा?

गेल्या महिन्यात माझी म्हापशाची भाची फोनवर अगदी रडकुंडीला आली होती. घरी सेंटेड मेणबत्त्या करून फेस्ताच्या सीझनला विकायच्या असं तिच्या डोक्यात आहे. तर तिने २०० ग्रॅम सोया वॅक्स (सोयाबीनच्या तेलाचं मेण) वितळवलं, मोगऱ्याचं फ्रॅगरन्स ऑइल घातलं, काचेच्या बरणीत ओतलं, दिसायला एकदम झकास, आणि पेटवल्यावर वास शून्य. "बाटलीला नाक लावलं तर डोकं उठतं, आणि मेणबत्तीला वासच नाही गो मावशी, फसवलं मला दुकानदाराने."

किती घातलंस विचारलं तर म्हणाली चाळीस थेंब. व्हिडिओतल्या बाईने सांगितलं होतं म्हणे, शंभर ग्रॅमला वीस थेंब. दुकानदार बिचारा फुकट शिव्या खातोय हे माझ्या तिथेच लक्षात आलं. मी तीसेक वर्षं अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवलं, त्यामुळे कोणी "थेंब" हे माप म्हणून वापरलं की मला गप्प बसवत नाही.

वीस थेंब म्हणजे एक मिली, हे आपण सगळ्यांनीच कुठेतरी ऐकलेलं असतं. ते खोटं नाही, पण ते पाण्याचं आहे. तेही वाटेल त्या ड्रॉपरने नाही, औषधशास्त्रात एक ठरलेला ड्रॉपर आहे, टोकाला बाहेरून ३ मिलिमीटर जाडीचा, तो सरळ उभा धरून २० डिग्रीच्या पाण्याचे वीस थेंब पाडले की एक ग्रॅम भरतो. पाणी बदललं, ड्रॉपर बदलला, तिरका धरला, घाईघाईने दाबला, की हिशोब गेला.

आता मला जी गोष्ट मनापासून आवडते तिच्याकडे येते. माझं फोंड्याचं घर अजून कौलारू आहे, पाऊस जरा ओसरला की मी व्हरांड्यात बसून पागोळ्या बघते (घरचे हसतात). कौलाच्या कडेला पाणी जमतं, फुगत जातं, लोंबकळतं, पण पडत नाही. का पडत नाही? तर पाण्याच्या पृष्ठभागावर ताणलेल्या पडद्यासारखं काहीतरी असतं, आतले रेणू बाहेरच्यांना आत खेचत असतात, त्यालाच शाळेच्या पुस्तकात पृष्ठताण म्हणतात, आणि हा ताण त्या थेंबाला कौलाच्या कडेला धरून ठेवतो. खालून वजन वाढत जातं, धरणारा ताण मात्र तेवढाच, आणि एका क्षणी वजन जिंकतं. मग थेंबाला वर एक बारीक मान फुटते, ती लांबते, अजून बारीक होते, तुटते, आणि गंमत म्हणजे सगळं पाणी खाली जातच नाही, मानेच्या वरचा भाग परत कौलाला चिकटून राहतो. मोबाईलच्या स्लो मोशनमध्ये बघा, मोठ्या थेंबामागून एक पिटुकला थेंबही पडताना दिसेल, तो त्या मानेचाच तुकडा.

थॉमस टेट नावाच्या इंग्रजाने १८६४ साली याचा नियम मांडला, की थेंबाचं वजन हे नळीच्या टोकाचा परीघ गुणिले पृष्ठताण एवढं असतं. आता आकडे घालून बघू, कंटाळा आला तर पुढच्या पॅराला उडी मारा. ३ मिलिमीटर टोकाचा परीघ साधारण ९.४ मिलिमीटर. पाण्याचा पृष्ठताण मीटरला ७२ मिलिन्यूटन. गुणाकार ०.६८ मिलिन्यूटन, म्हणजे वजनात ६९ मिलिग्रॅम. पण वीस थेंबांचा एक ग्रॅम म्हणजे एक थेंब ५० मिलिग्रॅमचा! मग टेट चुकला का? नाही, उरलेले १९ मिलिग्रॅम म्हणजे तेच ते, मान तुटल्यावर वर राहिलेलं पाणी. माझ्या मते हे फिजिक्समधलं सगळ्यात गोड उत्तर आहे, वर्गात सांगितलं तर चार पोरं तरी "ओह" म्हणायची, बाकीची घड्याळाकडे बघायची.

सुगंधी तेलांचा पृष्ठताण मात्र ३० च्या आसपास असतो, पाण्याच्या निम्म्याहूनही कमी. म्हणजे पडदा कमजोर, थेंब फार फुगायच्या आतच सुटतो. त्याच ड्रॉपरमधून तेलाचा थेंब पडतो जेमतेम २० मिलिग्रॅमचा. आमच्या भाचीबाईंचे चाळीस थेंब म्हणजे ०.८ ग्रॅम. दोनशे ग्रॅम मेणात ०.८ ग्रॅम, म्हणजे ०.४ टक्के! सोया वॅक्सला साधारण ६ ते १० टक्के घालतात. सहा टक्के धरले तरी १२ ग्रॅम, म्हणजे सहाशे थेंब. सहाशे थेंब कोण मोजत बसणार?

मी घरी करूनही बघितलं, जुन्या औषधाच्या बाटलीचा प्लॅस्टिकचा ड्रॉपर, पाण्याचे शंभर थेंब ४.६ ग्रॅम भरले आणि तेलाचे शंभर थेंब १.९. मग हौस म्हणून पाण्यात भांड्यांचा साबण घातला, तर पाण्याचे थेंबही लगेच बारीक झाले, कारण साबण पृष्ठताण पाडतो. म्हणूनच लहान मुलांच्या औषधाचा ड्रॉपर दुसऱ्या बाटलीला लावू नका, तो त्याच औषधासाठी असतो, आणि त्यावर मिलीच्या खुणा असतील तर खुणाच बघा, थेंब मोजू नका.

बरं, मग मिलीने मोजलं तर? थेंबांपेक्षा बरं, पण तरी घोळ आहेच. संत्र्याच्या सालीचं तेल हलकं, एका मिलीचं वजन ०.८४ ग्रॅम. लवंगेचं पाण्यापेक्षा जड, १.०५ च्या आसपास. १२ मिली घेतलं तर एकात १० ग्रॅम आणि दुसऱ्यात साडेबारा. म्हणून मेणही ग्रॅममध्ये आणि तेलही ग्रॅममध्ये, विषय संपला. टक्के मेणाच्या वजनावर काढतात. बरणीत एकूण २०० ग्रॅमच मावत असेल तर २०० भागिले १.०६, म्हणजे मेण साधारण १८९ आणि तेल ११. बरणीत किती मेण मावतं ते कळत नसेल तर तिच्यात पाणी भरून वजन करा आणि ०.९ ने गुणा, मेण पाण्यापेक्षा हलकं असतं म्हणून.

तेल मापायला थर्माकोलचा कप घेऊ नका. संत्र्याच्या तेलाने तो बसल्याबसल्या विरघळतो, तळाला भोक पडून सगळं ओट्यावर. स्टीलची वाटी किंवा काच घ्या.

आता जास्त घातलं तर वास जास्त येईल ना, असं वाटतं. मलाही वाटलं होतं. पहिल्या वेळी मी १५० ग्रॅम मेणात अंदाजाने चांगलं २५-३० ग्रॅम ओतलं होतं. गोठल्यावर वर तेलाचा घाम, वात पेटेना, पेटली तर फडफडली, आणि मग एकदम भडकली, काळा धूर थेट छतापर्यंत, ताट झाकून विझवावी लागली. मेणाच्या स्फटिकांत तेल धरून ठेवायला मर्यादित जागा असते, उरलेलं बाहेर येतं. मे महिन्यात आपल्याकडच्या उकाड्यात तर घाम लवकरच सुटतो.

आणि वास येतो कुठून? ज्योतीतून नाही. मायकल फॅरडे लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये नाताळात मुलांसाठी व्याख्यानं द्यायचे, १८६०-६१ ची तर अख्खी मालिका एका मेणबत्तीवर होती. त्यात ते समजावून सांगायचे की वितळलेलं मेण वातीतून वर चढतं, त्याची वाफ होते आणि जळते ती वाफ. त्या मेणाबरोबर वर चढलेलं सेंट जवळपास सगळं जळून जातं. आपल्या नाकापर्यंत येतं ते वातीभोवतीच्या गरम मेणाच्या डबक्यातून उडालेलं. म्हणून रुंद बरणीला बारीक वात लावली की डबकंच नीट होत नाही, आणि मग तेल बरोबर मोजूनही वास मार खातो.

फ्लॅश पॉइंटबद्दलही एक गैरसमज सगळीकडे चालतो, की मेण त्या तापमानाच्या वर असताना तेल घातलं की सेंट "जळून जातं". फ्लॅश पॉइंट म्हणजे तेलावरची वाफ ठिणगी लागली तर पेट घेईल ते तापमान. ठिणगी नसेल तर काही जळत नाही, थोडं जास्त उडतं इतकंच. म्हणून गॅस बंद करून, भांडं खाली उतरवून मग तेल घाला, ही काळजी मात्र खरी.

एक जाता जाता. "केमिकल फ्री, निगेटिव्ह एनर्जी घालवते" असं लिहून साडेसातशेला विकलेली मेणबत्ती मी परवाच पणजीत बघितली. आमच्या म्हार्दोळच्या जायांचा, म्हणजे जाईच्या फुलांचा, वास तुम्ही घेतलाय ना, म्हाळसेच्या देवळाबाहेर विकायला बसतात त्या? तो वास म्हणजे बेंझिल ॲसिटेट, लिनालूल आणि थोडं इंडोल. इंडोल एकटं भरपूर हुंगलं तर संडासची आठवण येते, चिमूटभर असलं तर जाई. म्हणजे देवीच्या फुलातही केमिकलच, आणि प्रश्न पुन्हा किती घातलं याचाच. एनर्जीचं मला माहीत नाही, ती मोजायचा काटा अजून कुठल्या दुकानात दिसला नाही.

भाचीला मी माझा सोनाराच्या काट्यासारखा छोटा काटा दिला, ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवतो. स्वयंपाकघरातला एक-एक ग्रॅमने उडी मारणारा काटा मोठ्या घाण्याला चालतो, पण ५० ग्रॅमच्या सॅम्पलला तेल लागतं ३ ग्रॅम, तिथे अर्ध्या ग्रॅमची चूक फार होते. वाटी ठेवायची, शून्य करायचं, ओतायचं. तिने परत २०० ग्रॅमला १२ ग्रॅम घालून केली, दहा दिवस झाकून ठेवली आणि पेटवली, आता म्हणते सासूबाई बाहेरच्या खोलीतून विचारत आल्या मोगरा कोणी आणला म्हणून. काटा अजून तिच्याकडेच आहे. काल रात्री परत फोन, मावशी आकडा एका जागी थांबतच नाही, सारखा नाचतो, बिघडला की काय.

म्हटलं, आधी डोक्यावरचा पंखा बंद कर.