सव्हानाच्या सहलीला निघण्यापूर्वी

नमस्कार. अटलांटाहून आमच्याबरोबर सव्हानाला येणाऱ्या पाहुण्यांसाठी हे पत्रक आहे. गाडीत बसण्याआधी घरातल्या सगळ्यांनी ते वाचावं, भारतातून आलेल्या आई-बाबांनी तर नक्कीच. प्रवास साधारण चार तासांचा आहे आणि मुक्काम एका रात्रीचा.

जॉर्जिया राज्यातलं हे शहर पायी बघायचं आहे. इथे इंग्रजांची वसाहत वसवणाऱ्या जेम्स ओग्लथॉर्पने १७३३ साली नदीकाठच्या उंच कड्यावर ते आखलं. ठरावीक अंतरावर चौक आणि प्रत्येक चौकाभोवती घरं, अशी ती आखणी. आपल्याकडे चौक म्हणजे रस्ते एकमेकांना मिळतात ती जागा. इथला चौक म्हणजे झाडांची, बाकांची छोटी बाग. अशा २४ चौकांपैकी २२ आजही आहेत. बुल स्ट्रीटवरून दक्षिणेकडे चालत गेलं की एकामागून एक पाच चौक लागतात आणि शेवटी फोर्साइथ पार्कमधलं १८५८चं पांढरं कारंजं दिसतं. हे अंतर जेमतेम दीड किलोमीटरचं आहे, पण आम्ही त्यासाठी अख्खी सकाळ ठेवतो. दमलात की पुढच्या चौकात बाक आहेच.

ओकच्या झाडांवरून लोंबणाऱ्या करड्या जटांना स्पॅनिश मॉस म्हणतात. नाव असं असलं तरी ते शेवाळ नाही; ती अननसाच्या कुळातली वनस्पती आहे. ती झाडाचा रस शोषत नाही, हवेतल्या ओलाव्यावर जगते. फोटो हवे तेवढे काढा, पण खाली पडलेल्या जटा उचलून अंगाखांद्यावर घेऊ नका, त्यात बारीक किडे असतात.

राइट स्क्वेअरमधल्या ग्रॅनाइटच्या शिळेपाशी आम्ही मुद्दाम थांबतो. ओग्लथॉर्पला इथे वसाहत करू देणारे यामाक्रॉ या मूळनिवासी लोकांचे प्रमुख टोमोचिची यांना १७३९ साली याच चौकात सन्मानाने पुरलं होतं. पुढे १८८३ मध्ये त्या जागी एका रेल्वे कंपनीच्या संस्थापकाचं स्मारक उभं राहिलं. ही शिळा नंतर बसवली, तीही चौकाच्या कोपऱ्यात.

नदीकाठ, म्हणजे रिव्हर स्ट्रीट, ही एके काळी कापसाची पेठ होती. आजच्या दुकानांच्या आणि खाणावळींच्या इमारती म्हणजे जुन्या वखारी. कड्यावरून त्यांच्या वरच्या मजल्यांवर जायला लोखंडी पूल आहेत. तिथे अडत्यांच्या कचेऱ्या होत्या. खाली उतरणारे दगडी जिने फार उभे आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी जिन्याचा हट्ट धरू नये, आम्ही तुम्हाला सिटी हॉलजवळच्या लिफ्टने नेऊ.

हा सगळा थाट गुलामांच्या श्रमावर उभा राहिला. ही बाजू झाकून शहर दाखवणं आम्हाला पटत नाही. १८५९च्या मार्चमध्ये शहराबाहेरच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर दोन दिवसांत चारशेहून अधिक माणसं विकली गेली. म्हणूनच ओवेन्स-थॉमस हाउस या जुन्या श्रीमंती वाड्यात आधी मागची गुलामांची खोली बघा आणि मग पुढचा दिवाणखाना. फर्स्ट आफ्रिकन बॅप्टिस्ट चर्च तिथल्या मंडळींनी दिवसभर राबून झाल्यावर रात्री बांधलं. त्याच्या लाकडी जमिनीत नक्षीसारखी भोकं आहेत. खाली लपलेल्या, पळून आलेल्या गुलामांना हवा मिळावी म्हणून ती ठेवली, असं तिथे सांगतात.

दक्षिणेकडच्या एका चौकाला आता सुझी किंग टेलर यांचं नाव आहे. १८४८ साली गुलामगिरीत जन्मलेली ही मुलगी सव्हानात चोरून लिहायला-वाचायला शिकली, कारण गुलामांना शिकवणं कायद्याने गुन्हा होता. वयाच्या चौदाव्या वर्षी ती मुक्त झालेल्या लोकांची शाळा चालवू लागली. तिच्या जन्माच्याच वर्षी पुण्यात जोतिराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली होती. पुढे १८७३ मध्ये जोतिरावांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांनाच अर्पण केलं. या चौकात उभं राहून ती अर्पणपत्रिका वाचायचा आमचा प्रघात आहे. दोन मिनिटं लागतात. कृपया घाई करू नका.

दुसऱ्या दिवशी फोर्ट पुलास्की. किल्ल्यांवर वाढलेल्या आपल्या माणसांना तो आवडतोच. भोवती खंदक आहे आणि भिंती सात फुटांहून जाड, सगळं काम विटांचं. हा किल्ला पडणार नाही, असं मोठमोठे लष्करी जाणकार म्हणत. पण अमेरिकेतल्या उत्तर-दक्षिण यादवी युद्धात, एप्रिल १८६२ मध्ये, उत्तरेच्या सैन्याने मैलभर पलीकडच्या टायबी बेटावरून, आतून आटे पाडलेल्या नव्या तोफांनी सुमारे तीस तासांत भिंतीला खिंडार पाडलं. ते खिंडार पुढे बुजवलं, पण दुरुस्तीच्या विटा वेगळ्या रंगाच्या आहेत, त्या शोधा. किल्ला पडला आणि सव्हाना बंदराची उरलीसुरली वाटही बंद झाली. दक्षिणेच्या बंदरांची अशी कोंडी झाल्यावर इंग्लंडच्या गिरण्या कापसासाठी मुंबईकडे वळल्या. मुंबईत पैशाचा पूर आला, सट्टा वाढला, आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच भाव कोसळून कित्येक पेढ्या बुडाल्या. मुंबईतल्या त्या पेढ्यांच्या भरभराटीचा आणि बुडण्याचा एक धागा या भिंतीशी जोडलेला आहे.

तिथून टायबीचा समुद्रकिनारा आणि १७८ पायऱ्यांचं दीपगृह. चढायचं की वाळूत बसायचं, ते ज्याचं त्याने ठरवावं.

खाण्याबद्दल. शाकाहारी मंडळींनी इथे विचारून खावं. फरसबी, पालेभाजी, बीन्स या साध्या दिसणाऱ्या पदार्थांतही बऱ्याचदा डुकराचं मांस किंवा त्याची चरबी असते. ग्रिट्स म्हणजे मक्याच्या कण्या. त्या पाण्यात शिजवल्यात की मांसाच्या रश्श्यात, एवढं विचारलं की झालं. पिकान (अक्रोडासारखा सुका मेवा) आणि साखरेच्या प्रालीन वड्या रिव्हर स्ट्रीटवर ताज्या मिळतात. कोल्हापूरच्या एका आजींनी त्यांचे दोन डबे भरून नेले होते.

जून ते सप्टेंबर फार उकडतं आणि दुपारी पाऊस येतो, छत्री असू द्या. १७ मार्चच्या आसपास सेंट पॅट्रिकच्या मिरवणुकीमुळे खोल्या मिळत नाहीत आणि मिळाल्या तर फार महाग पडतात, म्हणून त्या आठवड्यात आम्ही सहल नेत नाही. विटांच्या पायवाटा झाडांच्या मुळांनी उंचसखल झाल्या आहेत. चपला बॅगेत ठेवा आणि बूट घालूनच गाडीत बसा.