हिशेब आणि त्याची माहिती एकाच पानावर: जुपिटर नोटबुक घेतलेल्या ग्राहकांसाठी

बेळगावजवळच्या उद्यमबाग, मच्छे, होनगा इथल्या फाउंड्र्यांना आणि शहापूर-वडगावच्या मागवाल्यांना आम्ही हिशेबाचे जे प्रोग्राम करून देतो, त्यांच्यासोबत वेगळे छापील मॅन्युअल देत नाही. प्रोग्राम आणि त्याची माहिती एकाच जुपिटर नोटबुकात असते. छापील मॅन्युअलमधला फॉर्म्युला आणि संगणकात चालणारा फॉर्म्युला यांची फारकत व्हायला एक दुरुस्ती पुरते, आणि फारकत झाली हे कागद सांगत नाही. नोटबुकातले उदाहरण मात्र प्रत्येक वेळी नव्याने चालते. कुणी फॉर्म्युल्याला हात लावला की उदाहरणाचे उत्तर हलते आणि चूक तिथल्या तिथे दिसते.

जुपिटर मोफत आणि खुले सॉफ्टवेअर आहे. २०१४ साली ते पायथन या प्रोग्रामिंग भाषेसाठीच्या आयपायथन प्रकल्पातून स्वतंत्र झाले. ते ब्राउझरमध्ये उघडते, पण चालते तुमच्याच संगणकावर. आम्ही बसवून दिल्यानंतर इंटरनेट बंद असले तरी हिशेब अडत नाही.

एक हिशेब, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

नोटबुकात दोन प्रकारचे सेल, म्हणजे कप्पे, असतात: मजकुराचे आणि कोडचे. मजकुरात आम्ही मराठी आणि कन्नड दोन्हींत लिहितो, कारण पाळी बदलली की भट्टीवरचा माणूसही बदलतो. कोडचा सेल शिफ्ट-एंटर दाबल्यावर चालतो आणि उत्तर त्याच्या खालीच येते.

फेरो-सिलिकॉनचे, म्हणजे लोखंड-सिलिकॉनच्या मिश्रधातूचे, पान घ्या. भट्टीत ५०० किलो धातू आहे. स्पेक्ट्रोच्या (धातूतले घटक मोजणाऱ्या यंत्राच्या) रिपोर्टमध्ये सिलिकॉन १.८ टक्के आला आणि तुम्हाला २.१ हवा आहे. म्हणजे ०.३ टक्के वाढवायचा, तो झाला १.५ किलो शुद्ध सिलिकॉन. तुमच्या फेरो-सिलिकॉनमध्ये ७५ टक्के सिलिकॉन असेल आणि रिकव्हरी (घातलेल्यापैकी धातूत प्रत्यक्ष उतरणारा भाग) ९० टक्के धरली, तर १.५ भागिले ०.७५ भागिले ०.९०, उत्तर २.२२ किलो. पानावर हे सगळे टप्पे एकाखाली एक दिसतात. रिकव्हरीची पट्टी (स्लायडर) ९० वरून ८० वर सरकवा, उत्तर २.५० किलो होते. रिकव्हरी दहा टक्क्यांनी घसरली की किती माल जास्त लागतो, हे नव्या सुपरवायझरला तोंडी समजावण्यापेक्षा पट्टी त्याच्या हातात द्यावी. पटकन ध्यानात येते.

ही पट्टी ७० ते ९८ च्या बाहेर जात नाही. आत टक्क्यांचा अपूर्णांक आम्हीच करतो. पूर्वी मोकळ्या चौकटीत कुणी ०.९० ऐवजी ९० टाकले की उत्तर २२ ग्रॅम यायचे, आणि घाईत तेही खरे वाटू शकते.

मागवाल्यांच्या पानावर ताण्याच्या सुताचे वजन आहे: एकूण तार गुणिले मीटर, भागिले (काउंट गुणिले १६९३). काउंट म्हणजे सुताच्या बारीकपणाचा आकडा. ४,००० तार, १०० मीटर, ४० काउंट घातले की ५.९१ किलो येते. वाया जाणारे सूत यात धरलेले नाही. त्याची टक्केवारी वेगळ्या चौकटीत घाला.

फॉर्म्युल्याचा अर्थ विचारायचा कसा

कोडच्या सेलमध्ये कोणत्याही फंक्शनचे नाव लिहा, पुढे प्रश्नचिन्ह द्या आणि शिफ्ट-एंटर दाबा. ते काय करते, कोणता आकडा कोणत्या एककात घेते आणि उत्तर कशात देते, हे आम्ही मराठीत लिहिलेले असते. दोन प्रश्नचिन्हे दिली तर खुद्द कोड दिसतो. तो जरूर बघा. फंक्शनच्या कंसात कर्सर ठेवून शिफ्ट-टॅब दाबले तर हीच माहिती छोट्या चौकटीत येते. आकडे भरताना ती जास्त सोयीची.

प्रत्येक नोटबुकाच्या तळाशी पडताळणीचा सेल आहे. त्यात हाताने केलेले हिशेब आहेत: वरचे २.२२ किलो, आणि कार्बन ३.४, सिलिकॉन २.१, फॉस्फरस ०.०६ असताना कार्बन इक्विव्हॅलंट (सिलिकॉन आणि फॉस्फरसचा परिणाम धरून काढलेला कार्बन) ४.१२. प्रोग्रामचे उत्तर यांच्याशी जुळले नाही तर लाल मजकूर येतो. लाल आले की त्या दिवशी त्या पानावरून चार्ज, म्हणजे भट्टीत घालायचा माल, ठरवू नका. तुमच्या खात्रीचे एखादे उदाहरण यात घालायचे असेल तर अवश्य घाला, मात्र तुलना दोन दशांश स्थळांपर्यंतच ठेवा. संगणक २.१ वजा १.८ चे उत्तर ०.३००००००००००००००४ असे ठेवतो. नेमकी बरोबरी मागितली तर बरोबर हिशेबही चूक ठरेल.

सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो

सेलच्या डावीकडे चौकोनी कंसात क्रमांक असतो. सेल कोणत्या क्रमाने चालले ते तो सांगतो. कंसात तारा असेल तर सेल अजून चालू आहे. क्रमांक वरून खाली चढते नसतील, उदाहरणार्थ आधी १२ आणि खाली ७, तर खालचे उत्तर जुन्या आकड्यांवर निघालेले असू शकते. सेल पुसून टाकला तरी त्यातला आकडा मेमरीत राहतो आणि खालचे सेल तोच वापरत राहतात. पानावर दिसते एक आणि हिशेबात जाते दुसरेच.

म्हणून प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला ‘रन’ मेनूमधून ‘रीस्टार्ट कर्नल अँड रन ऑल सेल्स’ करा. कर्नल, म्हणजे मागे कोड चालवणारा भाग, नव्याने सुरू होतो, मेमरी कोरी होते आणि सगळे सेल वरून खाली क्रमाने चालतात. याला कंटाळा करू नका. आम्हाला येणाऱ्या ‘उत्तर चुकतंय’ अशा तक्रारींपैकी बहुतेक इथेच मिटतात.

वीज गेली तरी फाइल साधारण शाबूत असते, कारण जुपिटर दर दोन मिनिटांनी ती आपोआप सेव्ह करते. मेमरीतले आकडे मात्र जातात. वीज आल्यावर खाली दिसणारी उत्तरे जुनी, नुसती साठवलेली असतात. सगळे सेल पुन्हा चालवल्याशिवाय ती वापरू नयेत. नोटबुकात काही बिघडवून बसलात तर ‘फाइल’ मेनूमधून मागच्या चेकपॉइंटवर, म्हणजे आधी जपून ठेवलेल्या प्रतीवर, जाता येते. चेकपॉइंट तुम्ही स्वतः कंट्रोल-एस दाबल्यावरच तयार होतो, आपोआप सेव्ह होताना नाही.

देवनागरी टाइप करताना

आमच्या चौकटींमध्ये मराठी किंवा कन्नड आकडे टाकले तरी चालतात. पायथन ते ओळखतो. कोडच्या सेलमध्ये थेट लिहिताना मात्र आकडे इंग्रजीच हवेत, नाहीतर सेल चालत नाही. व्हेरिएबलची नावे मराठीत ठेवता येतात. पण काही कीबोर्डवर ‘दुसऱ्या’मधला ऱ्य टाइप होताना मध्ये एक अदृश्य जोडखूण पडते. नाव डोळ्यांना अगदी बरोबर दिसते आणि तरी एरर येते. अशा वेळी नाव साधे करा: ‘हीट_दोन’ पुरेसे आहे. आलेखावर मराठी शब्दांच्या जागी चौकोन दिसतात, कारण आलेखाच्या मूळ फॉन्टमध्ये देवनागरी नाही. म्हणून आलेखावरची नावे आम्ही इंग्रजीत ठेवतो आणि मराठी-कन्नड खुलासा खालच्या मजकुरात देतो.

फाइल दुसऱ्याला पाठवताना

नोटबुकाची मूळ फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली तर फोनवर नुसते कंस आणि अवतरणचिन्हे दिसतात. निपाणी किंवा संकेश्वरच्या पार्टीला फक्त वाचायला द्यायचे असेल तर ‘फाइल’ मेनूमधून एचटीएमएल म्हणून एक्स्पोर्ट करून पाठवा. त्यात मजकूर आणि उत्तरे दिसतील, पट्ट्या सरकणार नाहीत. त्यांना चालू कर्नल लागतो. ब्राउझरमधला ८८८८ असलेला पत्ता पाठवूनही उपयोग नाही, तो तुमच्या संगणकापुरताच आहे.

शेवटची उत्तरे फाइलमध्येच साठलेली असतात. तुमचे भाव, ग्रेड आणि ग्राहकांची नावे त्यात असतील तर पाठवण्याआधी ‘एडिट’ मेनूमधून सगळ्या सेलची आउटपुट पुसा. कोडमध्ये हाताने लिहिलेले भाव त्याने जात नाहीत, ते वेगळे तपासा.

अडचण आली तर आम्हाला स्क्रीनच्या फोटोऐवजी मूळ फाइल पाठवा: आधी सगळे सेल नव्याने चालवून, लाल मजकूर तसाच ठेवून. त्या लाल मजकुराची शेवटची ओळ सगळ्यात कामाची असते आणि फोटोत नेमकी तीच कापली जाते.