मातेराचे सास्सी

मातेरा हे दक्षिण इटलीतल्या बाझिलिकाता प्रांतातलं शहर, नकाशावरच्या बुटाची टाच आणि चवडा यांच्यामधला जो खोलगट भाग आहे ना, साधारण तिथं. शहराचा जुना भाग ग्राविना नावाच्या खोल घळीच्या काठावर, मऊ चुनखडीच्या खडकात कोरलेला आहे आणि त्यालाच सास्सी म्हणतात. सास्सी दोन, उत्तरेकडचा बारिसानो आणि दक्षिणेकडचा काव्हेओसो, मधे चिव्हिता नावाची टेकाडासारखी उंच जागा आणि तिच्यावर तेराव्या शतकातलं कॅथेड्रल. या परिसरात माणसं अश्मयुगापासून राहत आलीत. खडकात कोरलेली चर्चेसच दीडशेच्या आसपास आहेत, काहींच्या भिंतींवर जुनी चित्रं अजून दिसतात.

लोक याला सरसकट 'गुहांचं गाव' म्हणतात पण ते अर्धंच खरं आहे. बऱ्याच घरांचा दर्शनी भाग रीतसर चिऱ्यांचा बांधलेला असतो, मागच्या खोल्या तेवढ्या डोंगराच्या पोटात. कोरताना निघालेला दगडच पुढच्या बांधकामाला वापरायचे, त्यामुळे एकाचं छप्पर ते वरच्याचा रस्ता, असं सगळं एकमेकांवर चढलेलं आणि नवीन माणसाला आपण गल्लीत उभे आहोत की कुणाच्या गच्चीवर हे पटकन कळतच नाही.

खरी कमाल मात्र पाण्याची आहे आणि टूरिस्ट लोक नेमकं तेच बघायचं सोडतात. इथं पाऊस कमी, नदी खाली घळीत, म्हणून छपरावरचं पाणी पन्हळीतून जमिनीखालच्या टाक्यांत साठवायचे, आत पाणी झिरपू नये म्हणून खास गिलावा करायचे. सगळ्यात मोठी टाकी म्हणजे व्हित्तोरिओ व्हेनेतो चौकाखालची पालोंबारो लुंगो, जवळपास ५० लाख लिटरची, आज तिच्यात उतरून फिरता येतं.

मग हे बिघडलं कुठं, तर लोकसंख्या वाढत गेली आणि जागा तेवढीच. एकोणिसाव्या शतकापासून टाक्या, गोठे, कोठारं, जे रिकामं दिसेल त्यात माणसं राहायला लागली. पुढे सांडपाण्याचे उघडे ओहोळ बुजवून त्यांच्यावर रस्ते केले, म्हणजे जी व्यवस्था गाव जगवत होती तीच मोडली. काझा ग्रोत्ता नावाचं म्युझियम आहे त्यात तेव्हाचं घर जसंच्या तसं मांडलंय : एकच खोली, ओल लागू नये म्हणून भरपूर उंच पलंग, त्याच्या खाली कोंबड्या, आतल्या अंगाला खेचर आणि पेटीचा खण बाहेर ओढला की तान्ह्या पोराचा पाळणा. मलेरिया होताच, बालमृत्यू प्रचंड होते. कार्लो लेव्ही या चित्रकार-लेखकाला मुसोलिनीच्या सरकारनं १९३५ मधे या प्रांतात हद्दपार केलं होतं, त्याच्या १९४५ च्या पुस्तकात इथली पोरं पाहुण्यांकडे पैसे नव्हे, मलेरियावरचं क्विनाइन मागतात असं वर्णन आहे.

त्या पुस्तकानं देशभर बोभाटा झाला आणि मातेरा म्हणजे राष्ट्राची लाज असं नावच पडलं. पंतप्रधान दे गास्पेरी १९५० मधे स्वतः येऊन बघून गेले, १९५२ मधे कायदा झाला आणि साधारण १५,००० लोकांना नवीन वसाहतींत हलवलं. पाणी, संडास, उजेड, हे सगळं मिळालं आणि ते मिळायलाच हवं होतं. पण सास्सीत अनेक घरांचा मिळून एक सामाईक चौक असायचा, त्याला व्हिचिनातो म्हणतात, आपल्या चाळीसारखंच, पोरं कुणाचीही असोत लक्ष सगळ्यांचं. नवीन वसाहतींचे प्लॅन करणाऱ्यांनी, विशेषतः ला मार्तेल्ला गाव आखणाऱ्या लुदोव्हिको क्वारोनीनं, तो शेजार टिकवायचा प्रयत्न केला, पण शेजार काही नकाशावर काढून येत नाही.

सास्सी त्यानंतर ओस. घरं सरकारजमा, दारं बंद, भिंती ढासळायला लागलेल्या. १९८६ च्या कायद्यानं दुरुस्तीला पैसा आणि परत राहायची मुभा दिली, १९९३ मधे युनेस्कोनं जागतिक वारसा म्हटलं आणि २०१९ मधे मातेरा चक्क युरोपची सांस्कृतिक राजधानी झालं. सिनेमावाल्यांना हे आधीच कळलं होतं, इटालियन दिग्दर्शक पासोलिनीनं येशूवरच्या १९६४ च्या सिनेमाचं बरंचसं शूटिंग इथंच केलं, जेरुसलेम म्हणून. आता ज्या खोलीत खेचर बांधायचे तिथं बाथटबवालं हॉटेल आहे आणि भाडं ऐकून गार पडायला होतं. मूळ रहिवाशांपैकी परत राहायला आलेले तसे थोडेच.

इथला पाव खाल्ल्याशिवाय येऊ नये. डुरम गव्हाच्या रव्याचा, पिवळसर, जाड कवचाचा, आठवडाभर टिकणारा. पूर्वी भट्टी सामाईक असायची म्हणून कुणाचा पाव कुणाचा हे कळावं यासाठी प्रत्येक घराचा लाकडी कोरीव शिक्का असे, कणकेवर मालकाची आद्याक्षरं उमटवून मगच पाव भट्टीत. ते शिक्के आता दुकानात सुव्हेनिर म्हणून मिळतात.

२ जुलैला मादोन्ना देल्ला ब्रुना हा उत्सव असतो. कागदाच्या लगद्याचा भलामोठा रथ कारागीर कित्येक महिने खपून बनवतात, मादोन्नाची, म्हणजे मेरीमातेची, मिरवणूक झाली की रात्री चौकात लोक त्या रथावर अक्षरशः तुटून पडतात, तुकडा हाती लागला तर शुभ, आणि पुढच्या वर्षी परत नवा रथ.

जायचं तर बारीला उतरायचं, तिथून अंतर सुमारे ६५ किलोमीटर. तिथून नॅरो गेजची वेगळी लाइन आहे तिची गाडी धरायची, टाइमटेबल आधी बघून ठेवलेलं बरं. चाकाची बॅग नेऊ नका, सगळ्या पायऱ्याच आहेत आणि दगड झिजून गुळगुळीत झालेत.