पॅकेटनिहाय आणि प्रवाहनिहाय भारवाटप

एकाच ठिकाणी जाणारे समान खर्चाचे, म्हणजे राउटरच्या मापाने सारखेच चांगले, दोन मार्ग त्याच्या तक्त्यात असले की वाहतूक दोन्हींवर वाटली जाते, हे बहुतेकांना ठाऊक असते. वाटणी पॅकेटची (डेटाच्या छोट्या तुकड्यांची) होते की प्रवाहाची (एका जोडणीतल्या सगळ्या पॅकेटची मिळून), याबाबत मात्र गल्लत होते. 100 एमबीपीएसच्या दोन लाइन असूनही एकच फाइल 100 च्या वर का उतरत नाही, हा प्रश्न त्यातूनच येतो.

पॅकेटनिहाय वाटपात राउटर पॅकेट आळीपाळीने दोन्ही मार्गांवर सोडतो. भार जवळपास समान वाटला जातो, पण क्रम बिघडतो. समजा, पहिल्या मार्गाने 10 मिलिसेकंद लागतात, दुसऱ्याने 14, आणि दर अर्ध्या मिलिसेकंदाला एक पॅकेट निघते. दुसऱ्या मार्गाने गेलेले 2 क्रमांकाचे पॅकेट पोहोचण्याआधीच 3, 5 आणि 7 पोहोचतात. त्या प्रत्येकागणिक पलीकडचा संगणक ‘2 अजून हवे आहे’ अशी तीच पोच पुन्हा धाडतो, आणि अशा तीन दुबार पोचा मिळाल्या की पारंपरिक टीसीपी (डेटा क्रमाने आणि पूर्ण पोहोचवण्याची जबाबदारी घेणारा प्रोटोकॉल) 2 हरवले असे धरून ते परत पाठवते व आपला वेग सुमारे निम्म्यावर आणते. प्रत्यक्षात हरवलेले काहीच नसते.

प्रवाहनिहाय वाटपात दोन्ही टोकांचे आयपी पत्ते, दोन्ही पोर्ट (संगणकावरच्या त्या-त्या प्रोग्रामचे क्रमांक) आणि प्रोटोकॉल या पाच गोष्टींचा हॅश, म्हणजे त्याच माहितीसाठी दरवेळी तोच येणारा एक आकडा, काढून मार्ग ठरतो. एका जोडणीची सगळी पॅकेट त्यामुळे एकाच मार्गाने जातात आणि क्रम टिकतो. किंमत अशी की ती जोडणी एका लाइनच्या क्षमतेतच अडकते, आणि दोन अवजड प्रवाहांचा हॅश एकाच बाजूला पडला तर दुसरी लाइन रिकामी राहते. तरीही सर्वसाधारण वापरासाठी हीच पद्धत योग्य आहे, असे माझे ठाम मत आहे. लिनक्समध्ये 3.6 आवृत्तीत राउट कॅशे (आधी ठरवलेले मार्ग लक्षात ठेवणारा साठा) काढल्यावर आयपीव्ही4 ची वाटणी पॅकेटनिहाय होऊन बसली होती, 4.4 मध्ये ती हॅशवर आणली गेली. तिथला मूळ हॅश मात्र फक्त दोन पत्ते पाहतो, म्हणून त्याच दोन संगणकांमधल्या अनेक जोडण्याही एकाच मार्गावर गोळा होतात. पोर्टही धरायचे असतील, तर हॅश धोरणाची सेटिंग 1 करावी लागते.

मार्ग बंद पडल्यावरचा फरकही ध्यानात ठेवावा. हॅशला मार्गांच्या संख्येने भागून बाकीवरून मार्ग निवडणाऱ्या साध्या रचनेत चारातला एक मार्ग गेला, तर उरलेल्या तिघांवरचे बरेच प्रवाहही जागा बदलतात. ते टाळण्यासाठी काही राउटर फक्त बंद मार्गावरचे प्रवाहच हलवणारा हॅश वापरतात.