गोरी मुलंही नेली होती, मग फरक काय?

26 मेला ऑस्ट्रेलियात 'सॉरी डे' पाळतात, सरकारने घरांतून उचलून नेलेल्या ॲबोरिजिनल, म्हणजे तिथल्या मूळनिवासी, मुलांच्या आठवणीत. सिडनी-मेलबर्नच्या मराठी घरांतली मुलंही शाळेतून त्याबद्दल ऐकून येतात, आणि मग मोठ्यांपैकी कुणीतरी म्हणतं, "पण त्या काळात गोरी मुलंसुद्धा आश्रमांत टाकली होती की!" ते खरंच आहे. पण तेवढ्यावरून 'म्हणजे सगळं एकच' असं म्हणता येत नाही.

त्या गोऱ्या मुलांना तिथे 'फरगॉटन ऑस्ट्रेलियन्स', म्हणजे विसरलेले ऑस्ट्रेलियन म्हणतात. विसाव्या शतकात अनाथाश्रमांत, चर्चच्या संस्थांत आणि सरकारी वसतिगृहांत 5 लाखांच्या आसपास मुलं वाढली, त्यांतली बहुतेक गोरी. आई एकटी, बाप युद्धावरून मोडून आलेला, घरात खायला नाही, अशी कारणं. काहींना आईबापांनी स्वतःच नाइलाजाने सोडलं, काहींना कोर्टाने 'दुर्लक्षित' ठरवलं. ब्रिटनमधून बोटीने आणलेली सुमारे 7 हजार मुलंही यांच्यातच धरतात. आईबाप जिवंत असताना 'तुम्ही अनाथ आहात' असं त्यांच्यातल्या अनेकांना सांगितलं होतं. मारहाण, राबवून घेणं, लैंगिक अत्याचार, सगळं झालं. 16 नोव्हेंबर 2009 रोजी पंतप्रधान केविन रड यांनी त्यांची माफी मागितली.

याच रड यांनी 13 फेब्रुवारी 2008 रोजी संसदेत 'स्टोलन जनरेशन्स'ची, म्हणजे त्या ॲबोरिजिनल 'चोरलेल्या पिढ्यां'ची माफी मागितली होती. पंतप्रधान एकच आणि मध्ये पावणेदोन वर्षांचं अंतर, त्यामुळे निम्मा गोंधळ तिथेच होतो.

खरा फरक मूल घरातून बाहेर पडलं त्या क्षणाचा आहे. गोऱ्या मुलाला सरकारने न्यायचं तर निदान कागदावर तरी दुर्लक्ष सिद्ध करावं लागे. न्यू साउथ वेल्स राज्यात 1915 च्या कायदादुरुस्तीनंतर ॲबोरिजिनल मुलासाठी ती अटही राहिली नाही. ॲबोरिजिनल लोकांवर देखरेख करणाऱ्या सरकारी मंडळाला वाटलं की मूल उचलायचं. दाद मागायची असेल तर आईबापांनी कोर्टात जावं, आणि ही माणसं तर वस्तीबाहेर पडायलाही परवानगी मागणारी. ताबा घेण्याचं कारण लिहायच्या रकान्यात काही अधिकाऱ्यांनी सरळ लिहून टाकलं: 'ॲबोरिजिनल असल्यामुळे'. 1940 नंतर तिथे पुन्हा कोर्ट आलं, पण गरिबीलाच दुर्लक्ष म्हणायची सवय तशीच राहिली.

शिवाय हेतू वेगळा होता. 1937 साली कॅनबेरात भरलेल्या अधिकाऱ्यांच्या परिषदेने ठरावच केला, की मिश्र रक्ताच्या ॲबोरिजिनल लोकांचं भवितव्य गोऱ्या समाजात विरून जाण्यातच आहे. म्हणून फिकट वर्णाची मुलं आधी टिपली जात, आणि सरकारी गाडीची चाहूल लागली की आया लेकरांच्या अंगाला कोळसा फासत. मुली कूटामंड्राच्या सरकारी संस्थेत जात, मोलकरणीचं काम शिकायला. मुलगे किंचेलाच्या संस्थेत, तिथे नावाऐवजी नंबर. नंबर गोऱ्या आश्रमांतही होते, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण गोऱ्या मुलाची इंग्रजी भाषा कुणी मारून बंद केली नाही. 1997 च्या चौकशी अहवालानुसार 1910 ते 1970 या काळात दर दहा ॲबोरिजिनल मुलांमागे किमान एक, आणि कदाचित तिघांतलं एक, घरातून नेलं गेलं. तो अहवाल 26 मेला संसदेत मांडला गेला, म्हणून 'सॉरी डे'ची तारीख ती.

ब्रूस ट्रेव्हरोचं उदाहरण घ्या. 1957 चा नाताळ. तेरा महिन्यांच्या ब्रूसच्या पोटात दुखायला लागलं. बापाकडे गाडी नव्हती, शेजाऱ्यांनी ॲडलेडच्या हॉस्पिटलात पोचवलं. दोनेक आठवड्यांत पोर एका गोऱ्या कुटुंबाच्या घरी गेलं होतं. काही महिन्यांनी आईने पत्र लिहून विचारलं, बाळ कसं आहे, घरी कधी आणता येईल? सरकारी उत्तर आलं: प्रगती चांगली आहे, पण डॉक्टरांना अजून उपचार करायचे आहेत. आई भेटली तेव्हा तो दहा वर्षांचा होता आणि तिच्याकडे रुळला नाही. पुढे दारू आणि नैराश्य. 2007 साली कोर्टाने त्याला 5 लाख 25 हजार डॉलर्सची भरपाई दिली; त्याला उचलायला त्या काळच्या कायद्याचाही आधार नव्हता, असं ठरलं. निकालात त्याची तुलना झाली ती आईजवळ वाढलेल्या त्याच्याच भावंडांशी. गरिबी सगळ्यांच्या वाट्याला तीच होती, पण त्याच्यासारखी मोडतोड त्यांची झाली नव्हती. वर्षभरात तो वारला.

आश्रमात वाढलेल्याला मूल कसं जवळ घ्यायचं हेच माहीत नसतं, हे दुखणं दोन्हीकडच्या नातवंडांपर्यंत पोचलंय. ॲबोरिजिनल घरांत त्यावर आणखी काही आहे. 1993 च्या कायद्याखाली वडिलोपार्जित जमिनीवर हक्क सांगायचा तर तिच्याशी आणि तिथल्या रीतिरिवाजांशी नातं तुटलेलं नाही हे दाखवावं लागतं. लहानपणी उचलून नेलेल्याने ते कुठून दाखवायचं? आणि भीती अजून गेलेली नाही, कारण सरकारी देखरेखीखाली घराबाहेर ठेवलं जाण्याचं प्रमाण ॲबोरिजिनल मुलांत आजही इतर मुलांच्या सुमारे दहापट आहे. नातवाला ताप आला तरी दवाखान्यात न्यायला कचरणाऱ्या आज्या आहेत. ब्रूसला हॉस्पिटलातूनच नेलं होतं.