मंगळावरचे गोटे

खारघरला आमच्या बिल्डिंगमागून डोंगरातला ओढा येतो, पावसाळ्यात धो धो आणि होळीपर्यंत ठणठणीत कोरडा. तरी पात्रात उतरलं की इथनं पाणी गेलंय हे कुणी सांगायला लागत नाही, हातातला काळा गोटा सगळीकडून झिजून गुळगुळीत झालेला असतो आणि वर उतारावरचा तोच बसाल्ट टोकदार, हात कापेल असा. मंगळावरचं पाणी पण असंच गोट्यांवरून पटलं, फक्त तिथवर यायला शंभरच्या वर वर्षं गेली.

१८७७ मध्ये इटलीच्या स्कियापारेल्ली या खगोलशास्त्रज्ञाला दुर्बिणीतून मंगळावर रेषा दिसल्या, तो त्यांना 'कनाली' म्हणाला, म्हणजे पाट, पण इंग्रजीत त्याचे खोदलेले कालवे झाले आणि अमेरिकेत पर्सिव्हल लॉवेलने तर ते मंगळवासीयांनी खणलेत असंच धरून ठेवलं. मग जुलै १९६५ मध्ये नासाचं मरिनर ४ हे यान मंगळाच्या बाजूने गेलं, वीस-बावीस फोटो आले आणि त्यात नुसते खड्डे, चंद्रासारखे. फोटो जेमतेम एक टक्का भागाचे होते, तरी पाण्याची आशा बऱ्याच जणांनी तेव्हाच सोडली.

नोव्हेंबर १९७१ मध्ये मरिनर ९ मंगळाभोवती फिरायला लागलं तेव्हा खाली प्रचंड धुळीचं वादळ, काहीच दिसेना. धूळ बसली आणि कोरड्या नद्या दिसल्या, फाटे एकमेकांना मिळत मोठ्या होत गेलेल्या. पण लाव्हा पण पाट कोरतो, त्यामुळे वाद मिटला नाही, दगड जवळून बघायलाच हवे होते.

२००४ मध्ये ऑपॉर्च्युनिटी या नासाच्या चाकांच्या गाडीला मंगळावरच्या मेरिडियानी या सपाट भागात हेमॅटाइटच्या, म्हणजे लोहाच्या खनिजाच्या, काही मिलिमीटरच्या गोळ्या सापडल्या. त्या वाहून गोल झालेल्या नव्हत्या बरं का, खडकात पाणी झिरपून आतच तयार झालेल्या.

खरे गोटे मिळाले २०१२ च्या सप्टेंबरमध्ये, मंगळावरच्या गेल विवरात, क्युरिऑसिटी या नासाच्या दुसऱ्या गाडीला. तुटलेला स्लॅब असतो ना, तसा खडक, वाळूत गोटे गच्च रुतलेले, काही गोल्फच्या बॉलएवढे. वारा वाळू उडवतो, एवढे दगड लोळवत नेणं त्याला जमत नाही, म्हणजे वाहतं पाणीच, घोट्यापासून कमरेपर्यंत खोल असावं असा हिशोब निघाला. मला हा फोटो अजून बघावासा वाटतो, इतका ओळखीचा आहे तो! पुढे २०१३ मध्ये जवळच्याच चिखलाच्या खडकात ड्रिल मारलं तर वरून तांबड्या दगडातून राखाडी भुकटी निघाली, त्यात चिकणमातीची खनिजं, फार खारट किंवा आंबट नसलेल्या पाण्यात बनणारी.