मैदान बंद करणं वेगळं, गर्दी टाळणं वेगळं

मैदानाला कुलूप ठोकलं की गर्दी टळली, असा हिशेब साथीत सर्रास मांडला जातो. पण कुलूप जागेला लागतं, आणि माणसं कुठेतरी जातातच. बहुधा चार भिंतींच्या आत.

गर्दीतला धोका नुसता डोकी मोजून कळत नाही. हवा किती खेळती, माणसं किती जवळ आणि किती वेळ, हे बघावं लागतं. कोरोनाचा विषाणू बोलताना, गाताना, अगदी श्वास सोडतानाही बारीक कणांबरोबर बाहेर पडतो. बंद खोलीत ते कण तरंगत राहतात, साचत जातात, आणि मग सहा फुटांचं अंतरही पुरत नाही. मार्च २०२० मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात समूहगायनाच्या अडीच तासांच्या सरावाला ६१ जण जमले होते. त्यांतल्या एकाला आधीच लक्षणं होती; त्याला धरून ५३ जण आजारी निघाले. ३३ चाचणीत सापडले, २० लक्षणांवरून रुग्ण धरले गेले.

उघड्यावर तेच कण वाऱ्याने पांगतात. चीनमधल्या सुरुवातीच्या, तीन किंवा जास्त रुग्णांच्या ३१८ उद्रेकांचा माग काढला, तेव्हा सगळे बंद जागेतले निघाले; उघड्यावरचा एकच सापडला, तोही दोन रुग्णांचा. (तो हिवाळा होता, लोक तसेही घरात होते, हे मात्र धरायला हवं.)

तरीही २०२० मध्ये स्पेनमध्ये लहान मुलं सुमारे सहा आठवडे घरात कोंडली गेली. कॅलिफोर्नियात सॅन क्लेमेंटेच्या स्केटपार्कमध्ये, म्हणजे चाकांच्या फळीवर खेळायच्या उघड्या मैदानात, कुणी खेळू नये म्हणून ३७ टन वाळू ओतली. काही जण त्या वाळूत मोटारसायकली घेऊन उतरले!

उघडं म्हणजे निर्धोक, असंही नाही. खांद्याला खांदा लावून तासन्‌तास ओरडणारा जमाव मैदानातही धोक्याचाच, आणि तिथवर सगळे एकाच गाडीत काचा लावून आले असतील तर मैदानाला दोष देऊन उपयोग नाही. अशा वेळी जमावावर बंदी घालावी, हे मला पटतं. एकट्याने फेऱ्या मारणाऱ्याला हाकलणं पटत नाही. बाग दिवसातून दोनच तास उघडणं तर त्याहून वाईट: दिवसभर विखुरलेली माणसं एकाच वेळी फाटकाशी येतात.

न्यूयॉर्कच्या डॉमिनो पार्कने मे २०२० मध्ये फाटक लावलं नाही. हिरवळीवर अंतराअंतरावर पांढरी वर्तुळं आखली, आणि लोक त्यांत जाऊन बसले.